गाठोड्यात न गेलेल्या जीन्स

ही गोष्ट माझ्या तोंडातून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही. नवऱ्यापुढे नाही, बहिणीपुढे नाही. देवापुढे हात जोडले की मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागते आणि उठते. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही — म्हणूनच बहुतेक तुमच्याशी बोलता येतंय. समोर ओळखीचं माणूस असलं की माझी जीभ टाळूला चिकटते. लहानपणापासून तसंच आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. माहेर रावेरकडचं, म्हणून मराठी शाळा. लग्न होऊन इकडे हिंदी मुलखात, बऱ्हाणपूरच्या इतवारा मोहल्ल्यात आले, तेव्हापासून लिहिणं म्हणजे फक्त मापं — छाती, कंबर, बाही, उंची. मी घरी शिवणकाम करते. ब्लाऊज, परकर, साडीला फॉल. एवढं लांबलचक कधी लिहिलं नाही. चुकलं तर समजून घ्या — नाही. समजून घेऊ नका.

माझी मुलगी पिंकी हिंदी शाळेत शिकली. मराठी तिला वाचता येतं, पण ओळीवर बोट ठेवून, कंटाळत. हे मी मराठीत लिहिते आहे त्याचं एक कारण तेही असेल का? असेल. खोटं कशाला बोलू.

सुरुवात कपड्यापासून करते. कापडाबद्दल मला बोलता येतं.

जुन्या जीन्सचा स्कर्ट करायचा तर दोन्ही पायांची आतली शिवण उसवायची. एका तळापासून वर जायचं आणि दुसऱ्या तळापर्यंत खाली यायचं. मग पाय उघडतात. बैठकीची गोलाई थोडी उसवून, एकावर एक ठेवून सपाट करायची. तरीही दोन पायांच्या मध्ये एक जागा रिकामी राहते, वर निमुळती, खाली रुंद. तिथे दुसऱ्या जीन्सचा तुकडा लावावा लागतो. पुढे एक, मागे एक. म्हणजे एका स्कर्टला जीन्स दोन लागतात. हे ध्यानात ठेवा. गडबडीत एखादा कपडा राहून जातो. दोन राहत नाहीत. दोन ठेवाव्या लागतात.

राजू म्हणजे माझा धाकटा दीर. केळीच्या गाडीवर जायचा. तापीकाठच्या मळ्यांतून घड उतरवून घ्यायचे, गाडी भरून द्यायची, हे त्याचं काम. हसतमुख होता. नेपानगरच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली आणि तो जागीच गेला. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मूल नव्हतं. त्याची बायको वैशाली, माझी धाकटी जाऊ, आमच्या घरात बारावी झालेली एकटीच. ओट्यावर बसून गल्लीतल्या पोरांची शिकवणी घ्यायची आणि बी.ए.चं प्रायव्हेट करत होती. मोठ्याने बोलायची, मोठ्याने हसायची. ती घरात आली तेव्हा मला वाटलं होतं, आता माझ्या वाटचंही हीच बोलेल. बरं झालं.

आमच्या घरात एक रीत आहे. माणूस म्हातारा होऊन गेला तर त्याची शाल-टोपी कुणी आठवण म्हणून ठेवतं, चालतं. पण जवान माणूस असा रस्त्यावर गेला तर त्याचा धागासुद्धा घरात ठेवायचा नाही. त्याची हौस कपड्यांत अडकून राहते म्हणतात. दहाव्याच्या दिवशी सगळ्या कपड्यांचं गाठोडं तापीवर न्यायचं आणि सोडून द्यायचं. ते गाठोडं आईने बांधायचं नाही, बायकोने बांधायचं नाही — त्यांचा जीव ओढतो, हात मागे येतो. मोठ्या भावजयीने बांधायचं. म्हणजे मी.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या होत्या, "रुमालबी राहू देऊ नको वं. समदं जाऊ दे त्याच्यासंगं."

मी मान हलवली.

खोलीत वैशाली भिंतीला टेकून बसली होती. बघत होती की नव्हती, कळत नव्हतं. मी शर्ट घड्या करून ठेवत होते. मेलेल्या माणसाच्या कपड्यांची घडी कोण करतं? पण माझ्या हातांना तीच सवय. मग त्या दोन जीन्स आल्या. एक कामावरची, फिकी, गुडघ्यांवर विरलेली. दुसरी गडद निळी, जवळजवळ नवीच. फक्त डाव्या खिशावर हाताच्या पंजाएवढा काळा डाग.

केळीचा डाग तुम्ही पाहिला आहे का? चीक लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दिसतही नाही. वाळला की तपकिरी होतो, मग काळा. साबण, लिंबू, रॉकेल — काही चालत नाही. कापड विरतं, डाग विरत नाही. तो डाग लागला त्या दिवशी वैशालीने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा राजूचा उद्धार केला होता.

"नवी जीन्स घालून केळी उतरवायला जातं का कोणी? डोकं आहे का खोकं?"

आणि राजू हसत म्हणाला होता, "अवं, डाग नसला तर बऱ्हाणपूरचा आहे हे कळंल कसं लोकांना?"

तर ती जीन्स माझ्या हातात होती. बरं कापड होतं. जाड, घट्ट विणीचं. पिंकी कधीपासून मागे लागली होती. शाळेच्या वार्षिकोत्सवात नाच होता आणि नाचातल्या सगळ्या मुलींना जीन्सचा स्कर्ट हवा होता. "सबके पास है मम्मी, बस मेरे पास नहीं," रोज तेच. राजूनेच तिला कबूल केलं होतं की खंडव्याहून आणून देतो. नंतर मी स्वतःला पुष्कळ वर्षं हेच सांगत राहिले — काकानेच दिला म्हणायचा, त्याची इच्छाच होती. पण हात पुढे गेला तेव्हा मनात राजू नव्हता. मनात फक्त एवढंच होतं की इतकं चांगलं कापड पाण्यात जाणार. वैशालीने डोळे मिटले होते. मी दोन्ही जीन्स पदराखाली घेतल्या, बाहेर येऊन मशीनखालच्या चिंध्यांच्या पोत्यात कोंबल्या आणि परत आत जाऊन गाठोड्याला गाठ मारली. पक्की गाठ मारली. हेही ध्यानात ठेवा.

आमचे हे गाठोडं घेऊन तापीवर गेले. सासूबाईंनी उंबऱ्यावर पाणी ओतलं. मी स्वयंपाकाला लागले.

स्कर्ट मी काही महिन्यांनी शिवला. दुपारी सगळे पडलेले असायचे तेव्हा थोडा थोडा. आमच्या गल्लीत दिवसभर कापड विणणाऱ्या लूमचा आवाज असतो — खटाखट, खटाखट — त्यात माझी मशीन कुणाला ऐकू येत नाही. जीन्सची शिवण दुहेरी दुमडलेली असते. ब्लेडने उसवताना पिवळा दोरा तुटून तुटून येत होता. तळाची दुमड उसवली तेव्हा आतून माती पडली. वाळलेली काळी माती, चिमूटभर. कोणत्या तरी मळ्यातली. मी ती तळहातावर घेतली, आणि मला वाटलं, आत्ता थांबावं. आत्ता हे सगळं गोळा करून नदीवर जावं. कुणालाही कळणार नाही. मग मी हात झटकला.

डागावर मी फिक्या जीन्सचा खिसा शिवला, वरून, शोभेसाठी असावा तसा. शिवण जाड होती. सुई पुढे जाईना, तेव्हा चाक हाताने फिरवत एकेक टाका टाकला. खिसा इतका बेमालूम बसला की मला स्वतःचं कौतुक वाटलं. लाज नाही वाटली. कौतुक.

घरात सांगितलं की माझ्या भावाने कापड पाठवलं, त्याच्या मुलीच्या जुन्या जीन्स होत्या. कुणी काही विचारलं नाही. मी बोलले की कुणी काही विचारत नाही. कमी बोलणारं माणूस खोटं कशाला बोलेल, असं लोकांना वाटतं. मला तोवर हे ठाऊक नव्हतं.

पिंकीने स्कर्ट घातला आणि अंगणात गरगर फिरली. "मम्मी, एकदम शोरूमवाला!" सासूबाई पुटपुटल्या, "काकाला जाऊन वरीस नाही झालं आणि ही नाचाया निघाली." वैशाली आतून आली. तिने पिंकीला थांबवलं, गुडघ्यावर बसली, स्कर्टचा घेर सारखा केला. मग त्या खिशावर अंगठा ठेवला. थोडा दाबला. मी मशीनपाशी उभी होते. ती उठली आणि म्हणाली, "छान बसलाय, ताई." आणि आत गेली.

मला वाटलं, सुटले.

नाच झाला. त्यानंतर पिंकी तो स्कर्ट अंगावरून काढेना. शाळेतून आली की तोच. मी धुऊन गच्चीत तारेवर टाकायचे. आमच्याकडचं ऊन कसं असतं — जाड कापड त्यात पत्र्यासारखं ताठ होतं. एकदा मी तो तारेवरून काढून आणला आणि खाटेवर ठेवला. तो आडवा पडला नाही. कंबर वर, मध्ये फुगलेला, बसल्यासारखा राहिला. आत कुणी नव्हतं, मला दिसत होतं की आत कुणी नाही. तरी मी त्याच्याकडे पाठ करू शकले नाही. तसाच, तोंड त्याच्याकडे ठेवून, मागे मागे सरकत दारापर्यंत गेले.

मग पिंकीला ताप आला.

आधी साधा वाटला. मग उतरेना. डॉक्टर म्हणाले टायफॉइड आहे, वेळ लागेल, औषध चालू ठेवा. औषध चालू होतं. पोरगी दिवसेंदिवस चादरीत बुडत चालली. आणि एका दुपारी ती छताकडे बघत म्हणाली, "मम्मी, माझे पाय जड झालेत." मी पाय दाबू लागले. ती म्हणाली, "माझे नाहीत हे. काकाचे आहेत."

सासूबाई शेजारीच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. वैशालीकडे बघितलं. आणि उठून गेल्या.

तुम्हाला वाटेल तापात पोरं बरळतात. मलाही आज वाटतं — दिवसा वाटतं. पण त्या वेळी माझा विश्वास होता. पुरता विश्वास होता की राजूचे कपडे माझ्या मुलीला धरून आहेत. घाम आला म्हणून मी तिच्या अंगातला स्कर्ट काढला, गाऊन घातला, आणि स्कर्ट गच्चीवर जुन्या कूलरच्या पत्र्याखाली दडवला. आता विचार करा. मला वाटत होतं की हा कपडा माझ्या पोरीचा जीव घेतोय. मला वाटत होतं की सांगितलं तर उतारा होईल. आणि मी सांगितलं नाही. आई होते मी. तरीही माझी लाज मला जड झाली, पोरगी हलकी. हे कुणाला सांगायचं असतं?

पिंकीपाशी कोण बसायचं? वैशाली. कपाळावर पट्ट्या ठेवायची, गोष्टी सांगायची, शिकवणीच्या पोरांना बाहेरून हाकलून द्यायची. "आज सुट्टी रे, पळा. आणि ओरडू नका गाढवांनो, आमची राणी झोपलीय." मी दारातून बघायचे.

सासूबाईंनी एका जाणत्या माणसाला बोलावलं. असं धरलेलं-बांधलेलं बघून सांगणारे लोक असतात ना, त्यातला. म्हातारा, स्वच्छ कपड्यांतला, हळू बोलणारा. त्याने पिंकीची नाडी धरली, लिंबू फिरवलं, डोळे मिटले. बाहेरच्या खोलीत आम्ही सगळे बसलो होतो. आमचे हे, सासूबाई, वैशाली, मी. दाराशी शेजारच्या दोन-तीन बायका. तो म्हणाला, "जानेवाले का कपडा घर में है. किसी ने रोक के रखा है उसको."

त्याला कसं कळलं? आता वाटतं, ज्या घरात जवान माणूस गेलंय तिथे ते हेच सांगत असतील. पण तेव्हा मला वाटलं, याला सगळं दिसतंय.

आणि नेमकी त्या वेळी वीज गेली. गल्लीतले सगळे लूम एकदम थांबले. तुम्ही बऱ्हाणपूरचे नसाल तर तुम्हाला कळणार नाही ती शांतता कशी असते. कानात काहीतरी फुटल्यासारखी. त्या शांततेत सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"गाठोडं तू बांधलं व्हतं ना वं? समदं गेलं व्हतं का नाही? सच सांग."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे कधी कुणी बघत नाही. मला वाटलं, माझ्या तोंडून आवाजच निघणार नाही. पण निघाला. अगदी सरळ निघाला. मी म्हणाले, "आई, मी तर सगळं बांधलं होतं. गाठ मारून खोलीत ठेवलं आणि पाणी प्यायला गेले. वैशाली एकटी होती तिथं. परत आले तेव्हा गाठ सैल होती."

गाठ सैल होती.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आधी ठरवलं नव्हतं. "वैशाली एकटी होती" एवढ्यावरही भागलं असतं. सैल गाठ मी का घातली त्यात? नुसतं बोट दाखवलं तर लोक विचार करतात. गाठ दाखवली की त्यांना ती दिसते. माझ्या डोळ्यांसमोरही दिसली — गाठोड्याच्या पंच्याचं टोक सुटलेलं, एक फेरा ढिला. न झालेली गोष्ट मला इतकी नीट दिसली.

वैशाली म्हणाली, "ताई, काय बोलताय?"

एवढंच. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती पाहतच राहिली. मला वाटलं ती गोंधळली आहे. ती गोंधळली नव्हती.

तिची पेटी बाहेर काढली. साड्या झटकल्या, पुस्तकं उलटी करून हलवली, गादी उसवली. काही मिळालं नाही. मिळालं नाही म्हणजे नाही, असं कुणी म्हणालं नाही. शेजारची एक बाई म्हणाली, "लपवणारी काय पेटीत ठेवेल का बाई?" आणि झालं. न सापडणं हाच पुरावा झाला. वैशाली रडली, शपथा घेतल्या, एकदा सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. "माझ्याकडं काय आहे आई आता, मी कशाला अडवू त्याला?" तिला तिथेच राहायचं होतं. भावाच्या घरी, देडतलाईच्या पलीकडच्या खेड्यात, तिला कुणी विचारणार नव्हतं हे तिला माहीत होतं. इथे तिची शिकवणी होती, परीक्षा होती, पिंकी होती.

भाऊ तिला न्यायला आला. ओट्यावर एका बाजूला उभा होता, चहासुद्धा घेतला नाही त्याने. तिची पिशवी मी भरून देत होते — हो, तीही मीच भरली. खोलीत आम्ही दोघीच होतो. तिने माझ्या हातातून पिशवी घेतली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, स्कर्ट नदीत सोडून या. आणि कशाचा होता ते पिंकीला कधी सांगू नका. घाबरून मरेल ती."

मला आजही ते शब्द जसेच्या तसे ऐकू येतात.

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अंगठा ठेवला त्या दिवसापासून. खिशाखाली डाग आहे हे तिने ओळखलं होतं आणि पोरगी आनंदात आहे म्हणून गप्प बसली होती. आणि मी तिच्यावर बोट ठेवलं तेव्हा — तेव्हा तिने फक्त एक वाक्य बोलायचं होतं. "तो स्कर्ट आणा, खिसा उसवा." सगळं उलटलं असतं. ती पाया पडली पण ते वाक्य बोलली नाही. कारण आतल्या खोलीत पिंकी पडली होती आणि दार उघडं होतं. आपण इतके दिवस मेलेल्या काकाचे कपडे घालून नाचलो हे त्या तापात ऐकलं असतं तर पोरगी गेली असती, असं तिला वाटलं. माझ्या पोरीसाठी तिने स्वतःचं घर सोडलं. मी माझ्या पोरीसाठी दोन शब्द सोडले नाहीत.

तेव्हाही वेळ होती. भाऊ ओट्यावर होता, सासूबाई देवघरात होत्या, रिक्षा दारात यायची होती. मी काय केलं? मी म्हणाले, "डबा देऊ का बरोबर?"

ती नाही म्हणाली.

ती गेली त्याच संध्याकाळी मी स्कर्ट कापडी पिशवीत घालून तापीवर नेला. पाण्यात सोडला तर तो बुडेना. जाड कापडात हवा धरून फुगला आणि पायरीशी येऊन टेकला. पुन्हा ढकलला, पुन्हा आला. घाटावर एक बाई कपडे धूत होती, ती बघू लागली. शेवटी मी आत एक दगड घातला.

दोन-चार दिवसांनी पिंकीचा ताप उतरू लागला.

डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. मला वाटलं, नदीने सोडवलं. पण घराने आणि गल्लीने काय धरलं ते तुम्हाला सांगायला नको. ती गेली आणि पोरगी उठून बसली. आता कुणाला शंका उरली? पोरीचा ताप उतरला आणि त्याच दिवशी वैशालीचा गुन्हा शाबीत झाला. अशा गोष्टी बसने प्रवास करतात. तिच्या भावाच्या गावापर्यंत गेल्या. तिकडे तिच्याकडे शिकवणीला एकही पोर आलं नाही. लेकुरवाळ्या बायका तिला पाहून मूल पदराखाली घेतात, असं आमच्या ह्यांना बाजारात कुणीतरी सांगितलं. ती भावाच्या शेतात कापूस वेचते, गोठ्याशेजारच्या खोलीत राहते. परीक्षेचं पुढे काय झालं ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

सासूबाई पिंकीला कायम सांगायच्या, "तुझ्या काकूला तुझी मायाच नव्हती वं." त्या गेल्या तेव्हा माझा हात हातात धरून गेल्या. शेजारणी ऐकत असताना म्हणाल्या, "ही गुणाची. हिनं खरं सांगितलं म्हणून घर वाचलं." किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला आला. तो आजही तिथेच आहे. मी उठले-बसले की वाजतो.

इथपर्यंतचं तुम्ही कदाचित माफ कराल. म्हणाल, घाबरली बिचारी. सासूपुढे, भरल्या घरापुढे, तोंड नसलेली बाई — काय करणार? मीही स्वतःला हेच सांगत आले. पण मी जे सांगायला बसले ते हे नाही. ते आता सांगते.

गेल्या वर्षी पिंकीचं लग्न झालं. आमंत्रणं मीच ठरवली. आमच्या ह्यांनी विचारलं, "वैशालीला बोलवायचं का?" मी म्हणाले, "कशाला उगाच." त्यांनी पुढचं नाव विचारलं. मी कमी बोलते, आणि माझं बोलणं घरात शेवटचं असतं आता.

तरी ती आली. कुणाकडून कळलं होतं कोण जाणे. मंडपाच्या कडेला, जिथे जेवणाची भांडी घासत होते तिथे, उभी होती. आधी मी ओळखलंच नाही. केस पुढून पांढरे, चेहरा उन्हाने करपलेला, हाताच्या बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे. छातीशी एक डबा धरलेला. दराबा करून आणला होता तिने, घरी रवा-तूप-साखर फेटून. आत यायला कचरत होती. लांबून पिंकीला बघत होती आणि हसत होती — आवाज न करता. ती बाई, जी गल्ली डोक्यावर घेऊन हसायची.

आमच्या बायकांनी तिला ओळखलं. कुजबुज सुरू झाली. "हीच ना ती?" "हळद लागलेल्या पोरीसमोर ही कशाला?" एकीने तिच्या हातातून डबा घेतला आणि बाजूला, पायरीखाली ठेवला. मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. आता घरातली मोठी मी. सासूबाई नव्हत्या, जाणता नव्हता, ताप नव्हता. मला कुणाची भीती होती? मी एवढंच म्हणायचं होतं — "ये वैशाली." दोन शब्द. चौथी शिकलेल्या बाईलाही जमतात.

तिने माझ्याकडे पाहिलं. मागायला आल्यासारखं नाही. नुसतं पाहिलं.

मी म्हणाले, "पिंकीला दिसू देऊ नका."

मी काही ओरडून म्हणाले नाही. माझा आवाज तसा हळूच असतो. पण तिला ऐकू गेलं. तिने पदर नीट केला आणि ती बसस्टँडच्या बाजूने चालू लागली. मागे वळली नाही. उन्हाची वेळ होती, रस्त्यावर कुणी नव्हतं. ती वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिले. हाक मारता येईल एवढ्या अंतरावर ती पुष्कळ वेळ होती.

दराब्याचा डबा संध्याकाळी मी गाईपुढे रिकामा केला आणि घासून मांडणीवर ठेवला.

पाठवणीच्या आधी पिंकी माझ्या गळ्यात पडली. मेंदीच्या हातांनी. मग इकडे तिकडे बघत म्हणाली, "मम्मी, काकू नाही आली? मला खूप वाटत होतं ती येईल."

मी म्हणाले, "बोलावलं होतं. आली नाही."

पिंकी म्हणाली, "आजी म्हणायची ते खरं होतं मग." आणि गाडीत बसली.